विजेच्या मोटारीतील अनोळखी आवाज

विजेवर चालणारी मोटार शांत असते, ही गोष्ट आता बहुतेकांच्या परिचयाची झाली आहे. हा गुण काही नव्याने सापडलेला नव्हे. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी जवळजवळ १,६०० मोटारी विजेच्या होत्या, आणि पेट्रोलच्या गाड्यांचा धूर, हिसके व खडखडाट यांना कंटाळलेल्या शहरी गिऱ्हाइकाला त्यांचे मोठे आकर्षण वाटत असे. पुढे पेट्रोलच्या एंजिनाने बाजी मारली आणि शांतता ही केवळ श्रीमंतांच्या गाडीची खूण होऊन बसली. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरात-लेखकाने रोल्स-रॉइस मोटारीसाठी लिहिलेली जाहिरात प्रसिद्ध आहे. ताशी ६० मैल वेगाने जाताना या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो तिच्यातील विजेच्या घड्याळाचा, असा तिचा आशय होता. हेतू अर्थातच गाडीची स्तुती करण्याचा होता; परंतु त्या वाक्यात ध्वनिशास्त्रातील एक तत्त्व नकळत येऊन गेले आहे. घड्याळाचा आवाज इतर गाड्यांतही होताच. तो ऐकू येण्यासाठी बाकीचे आवाज तेवढे थांबावे लागले.

नवी विजेची मोटार घेणाऱ्या माणसाच्या तक्रारी नेमक्या याच जातीच्या असतात. गाडी सुरू करताच कोठेतरी ‘खट्‌ खट्‌’ असे होते. वेग वाढू लागला की बारीक शीळ ऐकू येते. ब्रेक दाबून धरला की पुढून कसलीतरी गुणगुण येते. रात्री अंगणात उभी असलेली गाडी आपोआप घरघरू लागते. एवढे पैसे मोजून घेतलेल्या आणि आतून कशी चालते हे ठाऊक नसलेल्या यंत्रातून असा आवाज आला की मनात शंका उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. दुरुस्ती केंद्रात गेल्यावर ‘या गाड्यांचा असा आवाज असतोच’ हे उत्तर मिळते. हे उत्तर पुष्कळदा खरे असते. अडचण एवढीच की, जेव्हा ते खरे नसते तेव्हाही ते त्याच शब्दांत दिले जाते.

हे आवाज पूर्वीच्या गाड्यांत का ऐकू येत नसत, हे पाहण्यासाठी प्रथम कानाच्या एका मर्यादेकडे वळले पाहिजे. एखादा मोठा आवाज चालू असताना त्याच वेळचा लहान आवाज कानाला मुळीच जाणवत नाही. यास ध्वनीचे आच्छादन असे म्हणतात. वेगेल व लेन या अमेरिकन संशोधकांनी १९२४ साली या घटनेची पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली. तीत त्यांना असे आढळले की, खालच्या पट्टीतील मोठा आवाज वरच्या पट्टीतील आवाजांना सहज झाकून टाकतो. उलट वरच्या पट्टीतील आवाज खालच्या आवाजांना तितकेसे झाकू शकत नाही. पेट्रोल एंजिनाचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतील असतो. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर त्यात दर सेकंदाला ८० स्फोट होतात, म्हणजे त्याच्या मूळ स्वराची कंप्रता ८० हर्ट्‌झ असते. या स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे स्वर, धूर बाहेर टाकणाऱ्या नळीची धडधड, हवा आत ओढल्याचा घोष, असे सर्व मिळून एक जाड घोंगडीच तयार होते. तिच्याखाली गाडीतील शंभर लहानसहान आवाज शंभर वर्षे झाकलेले राहिले. विजेच्या गाडीने ही घोंगडी काढून घेतली. तिच्याखालचे काही आवाज जुनेच आहेत आणि काही खरोखरच नवे आहेत.

नव्या आवाजांत पहिला मान त्या बारीक शिळेचा. गाडी चालविणारे विद्युत चलित्र एकाच दंतचक्र-संचाद्वारे चाकांना जोडलेले असते. पेट्रोलच्या गाडीप्रमाणे येथे पाच-सहा गिअर नसतात. चाकाच्या एका फेऱ्यामागे चलित्राचे साधारणपणे नऊ फेरे होतात. चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला आठांहून थोडे अधिक फेरे घेते व चलित्र सुमारे ७५. चलित्राच्या आसावरील लहान दंतचक्राला समजा २४ दाते आहेत. प्रत्येक दाता पुढच्या चक्राच्या दात्याला भिडताना अतिसूक्ष्म धक्का बसतो. असे धक्के सेकंदाला ७५ गुणिले २४, म्हणजे १,८०० बसतात आणि कानाला १,८०० हर्ट्‌झचा स्वर ऐकू येतो. वेग निम्मा केला की कंप्रताही निम्मी होते, म्हणजे स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. ही शीळ गाडीच्या वेगाबरोबर काटेकोरपणे चढते-उतरते ती यामुळेच.

चलित्राचा स्वतःचाही सूर असतो. त्याच्या स्थिर भागातील वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह खेळविला की फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते फिरत्या भागाला आपल्यामागे ओढते. पण हे चुंबकीय बल केवळ फिरविण्याचे काम करीत नाही. ते स्थिर भागाच्या पोलादी कड्याला आतल्या बाजूसही खेचते व सोडते, आणि त्यामुळे ते कडे घंटेसारखे किंचित कंप पावते. आठ ध्रुवांच्या चलित्रात प्रत्येक फेऱ्यात असे आठ हिसके बसतात, म्हणजे वरच्या उदाहरणात सेकंदाला ६००. याखेरीज वेटोळी बसविण्यासाठी स्थिर भागात ज्या खाचा पाडलेल्या असतात त्यांचाही परिणाम होतो. खाचा ४८ असल्यास ३,६०० हर्ट्‌झचा आणखी एक स्वर त्यात मिसळतो. माणसाचा कान सुमारे २,००० ते ५,००० हर्ट्‌झ या टप्प्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि दुर्दैवाने यांतील बरेच स्वर नेमके तेथेच जाऊन बसतात. ध्वनिमापकाचा आकडा कमी असूनही प्रवासी तक्रार करतो यात म्हणूनच विसंगती नाही. एकाच स्वराची शीळ ही तेवढ्याच जोराच्या पसरट घोषापेक्षा अधिक टोचते.

बॅटरीतून मिळणारा एकदिश प्रवाह चलित्रासाठी प्रत्यावर्ती करण्याचे काम इन्व्हर्टर करतो. हा घरगुती इन्व्हर्टरचाच प्रबळ भाऊबंद होय. तो प्रवाह सेकंदाला काही हजार वेळा, अनेक गाड्यांत दहा हजारांच्या आसपास, चालू-बंद करतो. या उघडझापीने वेटोळी थरथरतात आणि अतिशय उंच, सुईसारखा स्वर निघतो. गाडीचा वेग बदलला तरी तो सहसा बदलत नाही, ही त्याची ओळख. वयोमानानुसार माणसाची वरच्या पट्टीतील श्रवणशक्ती प्रथम क्षीण होते. म्हणून मागच्या आसनावरील नातवाला जी शीळ असह्य वाटते ती शेजारी बसलेल्या आजोबांच्या गावीही नसते, आणि दोघेही खरेच बोलत असतात. दिल्लीची मेट्रो स्थानक सोडताना जो चढत जाणारा सूर काढते तोही इन्व्हर्टर व चलित्र यांच्याच संगनमताचा असतो. फरक एवढाच की, तो ऐकून कोणी प्रवासी गाडी बिघडली असे समजत नाही.

चलित्राची रचना करणारे अभियंते हे स्वर कमी करण्यासाठी फिरत्या भागातील चुंबक किंचित तिरपे बसवितात, दंतचक्रांचे दाते अधिक सफाईने घासतात, इन्व्हर्टरची उघडझाप मुद्दाम अनियमित करून एका स्वराचा अनेक कंप्रतांत विखुरलेला घोष करतात. स्वस्त गाडीत यांपैकी काही उपाय गाळले जातात, एवढाच त्याचा अर्थ. शीळ असणे हा बिघाड नव्हे. तीच शीळ महिन्या-दोन महिन्यांत वाढत गेली, किंवा तिच्यात खरखर मिसळू लागली, तर मात्र दंतचक्रांतील तेल व बेअरिंगे यांची तपासणी करणे इष्ट.

गाडी उभी असतानाचे आवाज हा अधिक गैरसमजाचा विषय आहे. किल्ली किंवा बटण वापरताच ऐकू येणारे खटके काँटॅक्टरचे असतात. काँटॅक्टर म्हणजे विद्युत चुंबकाने चालणारा मोठा रिले. सुमारे ३०० ते ४०० व्होल्ट दाबाची बॅटरी गाडी बंद असताना उरलेल्या यंत्रणेपासून पूर्णपणे तोडून ठेवणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते व ते काम हे काँटॅक्टर करतात. जोडणी करताना ते एकदम मिटत नाहीत. इन्व्हर्टरमधील मोठे धारित्र रिकामे असते आणि त्यावर बॅटरी थेट जोडली तर क्षणभर इतका प्रचंड प्रवाह वाहील की काँटॅक्टरची टोके वितळून एकमेकांस चिकटतील. म्हणून आधी रोधाच्या वाटेने धारित्र हळूहळू भरतात आणि मग मुख्य जोडणी होते. दोन-तीन खटके लागोपाठ ऐकू येतात त्याचे कारण हे. गाडी बंद केल्यावर पुन्हा खटका होतो आणि तो ऐकू येणे चांगलेच.

पेट्रोलच्या एंजिनात हवा आत ओढली जाताना जे अंशतः निर्वात तयार होते त्याच्या साहाय्याने ब्रेक दाबणे हलके केलेले असे. विजेच्या गाडीत हे निर्वात फुकट मिळत नाही. काही गाड्यांत त्यासाठी लहान विजेचा पंप असतो व ब्रेक दोन-चार वेळा दाबला की तो काही सेकंद गुणगुणतो. इतर गाड्यांत ब्रेकला मदत करणारे छोटे चलित्रच असते, त्याचा हलका घरघराट पायाशी जाणवतो. बॅटरी थंड ठेवणारा पाण्याचा पंप, वातानुकूलनाचा विजेवर चालणारा काँप्रेसर, पंखे, प्रशीतक वायूच्या वाटेवरील झडपा, ही सर्व मंडळी पूर्वी एंजिनाच्या आड राहून काम करीत. आता ती स्वतंत्रपणे, आपापल्या वेळी जागी होतात. उन्हाळ्यातील दुपारी जलद चार्जिंग चालू असताना बॅटरी तापते आणि काँप्रेसर व पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतात; अशा वेळी उभी असलेली विजेची गाडी उभ्या पेट्रोल गाडीपेक्षा अधिक आवाज करते, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. चार्जिंग संपल्यावरही पंप काही काळ चालू राहतो. त्याला मध्येच थांबविण्याची खटपट करू नये.

यापुढचा प्रकार हादऱ्यांचा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की विजेच्या गाडीत तेच चलित्र जनित्र बनते व गाडीचा वेग कमी करून बॅटरीत वीज परत भरते. याचा अर्थ असा की, दंतचक्रांवरील जोराची दिशा क्षणात उलटते. दोन दातांच्या मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर ते अडकतील. दिशा बदलताना ही मोकळीक ओलांडली जाते आणि दाते दुसऱ्या अंगाने एकमेकांवर आदळतात. गाडीतील संगणक हा पल्ला हळुवारपणे ओलांडण्याची काळजी घेतो. तरी सावकाश चालणाऱ्या रहदारीत ‘टक्‌’ असा आवाज कधीकधी निसटतो. याच जातीचा, पण चाकापाशी होणारा एक आवाज आहे. चाकाला फिरविणारा आस आणि चाकाचे तुंबे जेथे एकमेकांना घट्ट भिडतात तेथे पृष्ठभाग किंचित सरकला की प्रत्येक दिशाबदलाला एकदाच स्पष्ट टिचकी वाजते. गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे नेली की ती हमखास ऐकू येते. तेथील पृष्ठभाग साफ करून, वंगण लावून, नट योग्य जोराने पुन्हा आवळल्यास ती नाहीशी होते. तेव्हा या बाबतीत ‘असा आवाज असतोच’ हे उत्तर स्वीकारण्याचे कारण नाही.

आता घोंगडीखालच्या जुन्या आवाजांकडे वळू. गाडीच्या आतील बाजूस प्लास्टिकचे शेकडो भाग पोलादी सांगाड्यावर खुंट्यांनी व चापांनी बसविलेले असतात. तापमान वाढले की दोन्ही प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. एक मीटर लांबीचे पोलाद ४० अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. त्याच लांबीचे सामान्य प्लास्टिक मात्र तीन मिलिमीटरांच्या आसपास. भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला पोळतो, आणि वातानुकूलन सुरू करताच तोच काही मिनिटांत निवतो. या अवधीत त्याला दोन-तीन मिलिमीटर मागे सरकायचे असते. घर्षण त्याला अडविते, ताण साचतो, मग तो एकदम सुटतो व भाग पुन्हा अडतो. हे अडणे-सुटणे जलद गतीने होऊ लागले की किरकिर ऐकू येते. सारंगीचा गज तारेवरून फिरतो तेव्हा हेच घडते. राळ लावलेला गज तारेला ओढतो, तार निसटते, गज तिला पुन्हा पकडतो. तेथे कलावंत त्याला हवा तो स्वर देतो, येथे खड्डा देतो. उत्तर भारतातील हिवाळ्याच्या पहाटे किरकिरणारी गाडी दुपारी मुकी होते, आणि मालक तिला दुरुस्ती केंद्रात नेतो ती नेमकी दुपारी.

अशा आवाजाचे मूळ शोधणे हे कौशल्याचे काम आहे. आवाजाची दिशा ओळखताना माणूस दोन कानांत पोहोचणाऱ्या ध्वनीतील वेळेचा व तीव्रतेचा फरक वापरतो, हे लॉर्ड रेली यांनी १९०७ साली मांडले. मोकळ्या मैदानात ही युक्ती उत्तम चालते. काचांनी वेढलेल्या गाडीत मात्र प्रत्येक आवाज चारही बाजूंनी परावर्तित होऊन येतो आणि उजव्या खांबातून येणारी किरकिर प्रत्यक्षात काचेच्या खालच्या पट्टीतून निघालेली असते. हात लावून दाबले असता थांबते काय, एवढी साधी परीक्षा येथे सर्वांत उपयोगी. सापडल्यावर उपाय फेल्टच्या छोट्या पट्टीचा असतो. त्याआधी दाराच्या खणातील नाणी, चष्म्याची डबी, मोकळ्या आसनावरील पट्ट्याचे कडे आणि मागे ठेवलेली चार्जिंगची केबल यांची झडती घेतलेली बरी. गूढ आवाजांपैकी किती तरी तेथेच उलगडतात.

रस्ता व वारा यांचे आवाज ओळखणे सोपे आहे. टायरमधील हवेच्या वर्तुळाकार पोकळीचे स्वतःचे अनुस्पंदन असते, म्हणजे एका ठराविक कंप्रतेला ती पोकळी आपोआप घुमते. ही कंप्रता बहुधा २०० हर्ट्‌झच्या जवळपास असते. उड्डाणपुलाचे सांधे ओलांडताना रिकाम्या पिपावर थाप मारल्यासारखा जो घुमारा ऐकू येतो तो याचाच. तो कमी करण्यासाठी काही टायरांत आतून फोमचा थर चिकटवितात. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग ५० वरून १०० किलोमीटर झाला तर ती सुमारे ६४ पट होते. शहरात न जाणवलेली दाराच्या रबराची फट महामार्गावर शीळ घालू लागते ती यामुळे.

एक आवाज मात्र चुकून नव्हे तर कायद्याने निर्माण केलेला आहे. अगदी सावकाश जाणाऱ्या विजेच्या गाडीची चाहूल पादचाऱ्यांना, विशेषतः अंधांना, लागत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाअंतर्गत २०१६ साली झालेल्या नियमानुसार अशा गाडीने ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत बाहेरच्या बाजूस आवाज केला पाहिजे असे ठरले. तो १० किलोमीटर वेगाला किमान ५० डेसिबेल व २० किलोमीटर वेगाला किमान ५६ डेसिबेल असावा, कमाल मर्यादा ७५ डेसिबेलची, आणि वेगाबरोबर त्याचा सूरही बदलावा, असे त्यात म्हटले आहे. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या विजेच्या मोटारींना हे बंधन लागू झाले. हा आवाज पुढच्या बंपरमागील ध्वनिक्षेपकातून निघतो व थोडासा आतही झिरपतो. सुरुवातीस ऐकू येणारी आणि ताशी वीस-तीस किलोमीटरच्या पुढे गूढपणे विरून जाणारी ती गुणगुण म्हणजे हा आवाज होय. तो बंद करण्याची मागणी पुष्कळ मालक करतात. त्यांच्या शांततेची किंमत रस्ता ओलांडणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागेल, हे लक्षात घेता ती मान्य होऊ नये हेच योग्य.

या सर्व विवेचनावरून असे दिसेल की, आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे नोंदविणे अधिक फलदायी असते. वेगाबरोबर बदलणारा पण पाय उचलताच कमी-जास्त होणारा आवाज चलित्राचा किंवा दंतचक्रांचा. पाय कोठेही असो, केवळ वेगाशी बांधलेला आवाज चाकांचा, टायरांचा किंवा बेअरिंगांचा. वळण घेताना तो एका बाजूस वाढून दुसऱ्या बाजूस कमी होत असेल तर झिजलेल्या बेअरिंगाचा संशय बळावतो, कारण वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. ऊन आणि थंडी पाहून येणारा आवाज प्लास्टिकचा. गाडी उभी असतानाचा पंप, पंखा वा काँटॅक्टरचा. वेग, वेळ, हवामान, रस्ता व पायाची स्थिती यांची टिपणी आणि शक्य असल्यास भ्रमणध्वनीवर केलेले ध्वनिमुद्रण बरोबर नेले तर दुरुस्ती केंद्रात संभाषणाचा रंगच पालटतो.

चार गोष्टी मात्र टिपणीसाठी थांबण्याजोग्या नाहीत. चालत्या गाडीत काँटॅक्टरचे खटके होऊन धोक्याचा दिवा लागणे. गाडीचा तळ दगडावर आपटल्यानंतर खालून नवा आवाज सुरू होणे, कारण बॅटरी तेथेच असते. चाकापाशी वाढत जाणारी गुरगुर. आणि ब्रेकची घासाघीस. यांपैकी शेवटचीला एक अपवाद आहे. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम चलित्रच करीत असल्याने ब्रेकच्या लोखंडी तबकड्या क्वचित वापरल्या जातात व पावसाळी रात्रीनंतर त्यांवर गंज धरतो. सकाळी पहिले चार-सहा ब्रेक खरखरीत लागले तर चिंता नको; दुपारपर्यंत खरखर राहिली तर तबकड्या तपासून घ्याव्यात. जुने कारागीर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एंजिनाला व मूठ कानाला लावून आतील आवाज ऐकत असत. ही पद्धत चाकाच्या बेअरिंगांसाठी आजही चालेल, पण बॉनेटखाली नारिंगी रंगाचे आवरण असलेल्या ज्या केबली दिसतात त्यांच्या जवळपास ती वापरू नये. तो रंग उच्च दाबाची खूण आहे, आणि तेथे हात घालण्याचे काम त्याचे खास शिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाचे आहे.